कान्होबाचं आसन

चंद्रभागाबाई सकाळच्या आंघोळीपासून तुळशीला पाणी घालेपर्यंत तोंडातून शब्द काढत नसत. सासूने घालून दिलेला नेम होता तो, आणि त्यांनी तो बाळंतपणातही मोडला नव्हता. घरच्यांना त्यांच्या बोटाची भाषा पाठ झाली होती. बोट चुलीकडे गेलं की दूध उतू जातंय, गोठ्याकडे गेलं की वासरू सुटलंय. आणि बोट कुठेच न जाता जागच्या जागी थरथरायला लागलं, की समजायचं, कबरी.

त्या सकाळीही बोट असंच थरथरलं. ओठांत नाम, हातात तांब्या, आणि डोळे उघडून बघतात तर वृंदावनावर, मंजिऱ्यांच्या मधोमध, कबरी उभी. एक पाय पोटात घेतलेला. पाणी आपल्यासाठीच आणलंय अशा नजरेनं ती चंद्रभागाबाईंकडे बघत होती.

तांब्या सुटला आणि घरंगळत गोठ्यापर्यंत गेला.

ओसरीत दात घासत असलेल्या गोमाजींनी बायकोचं बोट पाहिलं आणि तोंडातल्या राखेसकट ओरडले, "अवं निर्मला! धाव वं पोरी! तुही लाडाची देवावर चढली!"

निर्मला ही त्यांची सून, टेकचंदची बायको, बपेऱ्याची लेक. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरून परतली ती एसटीत पदराखाली कोंबडीचं पिल्लू झाकून. कंडक्टरने "पदरात काय हाय?" म्हणून विचारलं, तेव्हा उत्तर पिल्लानेच दिलं होतं. सासू माळकरी. दारात उतरलेलं ते चितकबरं पिल्लू बघून चंद्रभागाबाई उंबरठ्यावरच बसल्या होत्या. पण सुनेच्या डोळ्यांत पाणी तरारलेलं पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "राहू दे. पन सांदवाडीत. उंबरठ्याच्या आत नोको."

हे कबरीला कुणी सांगितलं नव्हतं. ती मागच्या परसात, सांदवाडीत, निजे तेवढीच. बाकी दिवस तिचा छपराच्या कवेलूंवर, पिठाच्या डब्यावर, शेजारच्या सीताबाईच्या पाळण्यात. एकदा गुरांमागे जंगलात गेली. निर्मलाने दिवसभर डोळे पुसले. दिवेलागणीला म्हशी परतल्या, तर पुढच्या म्हशीच्या पाठीवर ही बसलेली, पाटलीणबाई बैलबंडीत बसावी तशी.

निर्मलाने कबरीला वृंदावनावरून उचललं. चंद्रभागाबाईंनी तुळस धुतली, पुन्हा आंघोळ केली आणि मग बोलल्या. त्यांचं बोलणं एवढं मऊ, की रागावलेलं समोरच्याला उशिरा कळे. "निर्मला, तुही कोंबडी मले मुक्ती देऊन राहिली की काय?"

श्रावणातले दिवस होते. पावसाने दडी मारली होती. भाताचा रोवणा अर्ध्यावर अडला होता, लावणीची रोपं, पऱ्हे, पिवळे पडू लागले होते. तलावाचं पाणी पाळीपाळीने मिळे. गोमाजी आणि त्यांचे धाकटे भाऊ भय्याजी यांच्या भाताच्या बांध्या एकमेकींना लागून. मध्ये मातीचा एक धुरा, पाय ठेवण्यापुरता. पाणी आधी कुणाच्या बांधीत शिरलं यावरून दोघा भावांचं बोलणं बंदच होतं म्हणा ना. बायकांचं चालू होतं, पण ते ऐकून वाटे की बंद असतं तर बरं.

पाळीच्या दिवशी घरची सगळी माणसं बांधीत उतरली. चंद्रभागाबाई गुडघ्यापर्यंत चिखलात, लुगड्याचा काचा खोचलेला, कमरेतून मोडलेल्या. बोटांची टोकं पाण्याने पांढरी फटक पडलेली. एका हातात पऱ्ह्यांची जुडी, दुसऱ्याने चार-चार काड्या रोवायच्या आणि मागे सरायचं. पाठीवर ऊन असं की लुगडं भाजून निघावं.

टेकचंद कावडीने पऱ्हे वाहत होता. धुऱ्यावर येऊन म्हणाला, "माय, आज एक बाजू जड काहून लागून राहिली?"

चंद्रभागाबाईंनी मान वर केली. जुड्यांच्या ढिगावर कबरी बसली होती. मान ताठ, वारा खात.

त्यांच्या तोंडून "अगं बाई!" निघेपर्यंत ती उतरून, धुरा ओलांडून, भय्याजींच्या बांधीत पोचली होती. तिथलं पाणी आटून नुसता चिखल उरला होता. नुकत्या रोवलेल्या काड्या ती चोचीने उपटायची, खालचा किडा घ्यायची, आणि काडी बाजूला ठेवायची. बाईमाणसासारखी नीट, रांगेत.

"अवं बया!" पलीकडून मंदाबाई कडाडल्या. भय्याजींची बायको, चंद्रभागाबाईंची धाकटी जाऊ. आवाज असा की तलावावरचे बगळे उडावेत. "आमी कंबर मोडाची अन् तुमच्या कोंबडीनं उपटाचं! पानी त नेलंच, आता रोवणा बी नेता का?"

"आना वं इकडे, मी रोवून देतो परत," चंद्रभागाबाई म्हणाल्या आणि जावेच्या बांधीत उतरल्या. गावच्या रोवणाऱ्या बायका बघत होत्या. जावेच्या शेतात, तिच्या नजरेखाली, त्यांनी वाकून एकेक काडी परत लावली. घाम नाकावरून चिखलात पडत होता.

मंदाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. "बाई, एक विचारू? गळ्यात माळ अन् घरात कोंबडी. कान्होबा कसा बसते तुमच्या घरी? त्याले वास नाई येत?"

एक बाई फिसकन हसली. चंद्रभागाबाईंच्या हातातली काडी तिथंच राहिली.

"औंदा अष्टमीले सानगडीची आत्या येऊन राहिली," मंदाबाई म्हणाल्या. "तिच्या कानावर घालतो मी."

हे मात्र वर्मी बसलं. त्यांच्या भाऊकीत कान्होबा एकच बसे, तोही थोरल्या घरी. गोकुळाष्टमीला मातीचा कृष्ण आणायचा, वर करंज्या-पापड्यांचा फुलोरा टांगायचा, रात्री भजन, दुसऱ्या दिवशी काला करून तलावात शिरवायचा. चंद्रभागाबाई वर्षभर जे उपास-तापास करत, ते सगळे जणू त्या एका रात्रीसाठी. देव आपल्या कोपऱ्यात येऊन बसतो, एवढंच त्यांचं जगातलं मोठेपण होतं. मंदाबाईंना ते लग्न होऊन आल्यापासून हवं होतं. आणि देव कुणाच्या घरी बसावा हे सांगणारी एकच उरली होती: गोमाजींची आत्या, गोदावरीबाई.

संध्याकाळी पायांना तेल लावताना चंद्रभागाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "अजी, अष्टमीच्या दिवशी ते कोंबडी मले दिसली नाई पायजे."

"नाई दिसन," गोमाजी म्हणाले.

त्यांनी शब्द पाळला. सगळं पुढचं त्यातूनच झालं.

अष्टमीला चंद्रभागाबाईंचं मौन लांबे. आंघोळीपासून थेट देव बसेपर्यंत. पहाटेच त्यांनी माजघराचा कोपरा सारवला. बुरडाकडून आणलेलं नवं कोरं डालगं शेणाने सारवून, वाळवून, कोपऱ्यात पालथं घातलं. त्यावर लुगड्याची घडी पसरायची, वर पाट, पाटावर देव. सासूच्या हातची रीत. घरातल्या पुरुषांना मात्र खाली काय असतं हे कधी कळलंच नव्हतं. ते यायचे तेव्हा वर लुगडं, पाट आणि देव, हात जोडायचे आणि प्रसाद घ्यायचा.

दुपार टळली. चंद्रभागाबाई चुलीपुढे करंज्या तळत होत्या. हात पिठाने माखलेले, धुराने डोळे लाल. निर्मला कुंभाराकडे देव आणायला गेलेली. फुलोऱ्याची पहिली माळ टांगून झाली होती.

आणि खिडकीतून कबरी आली. सरळ फुलोऱ्याखाली उभी राहिली. मान वाकडी करून तिने करंज्या पाहिल्या, मागे सरली, उडी घ्यायला बसली.

चंद्रभागाबाई चुलीपुढून उठल्या. तोंड उघडता येईना. पिठाचं बोट थरथरलं.

नेमके गोमाजी आत आले, खांद्यावर फावडं. पाण्याची पाळी लागली होती. त्यांनी झडप घालून कबरीला धरलं. "कुठं ठेवू हिले?"

चंद्रभागाबाईंनी बोट मागच्या दाराकडे केलं. सांदवाडीत न्या. बोट आणि दार यांच्या बरोबर मध्ये कोपरा होता आणि कोपऱ्यात पालथं डालगं. कढईतलं तेल धुरावलं, म्हणून त्या लगेच चुलीकडे वळल्या.

"हौ हौ, बरी जागा हाय," असं गोमाजी म्हणाले, तेवढं त्यांच्या कानावर आलं. मग फावडं वाजलं, आणि पावलं शेताकडे गेली.

दिवेलागणीला देव बसला. निळा, हसरा, डोक्यावर मोराचं पीस. गोदावरीआत्या बंडीने आल्या होत्या. तोंडात दात नाही, कान मात्र तिखट. त्या देवाच्या अगदी पुढ्यात बसल्या. सीताबाई आली, भाऊकीच्या बायका आल्या, मंदाबाई आल्या आणि घरभर नजर फिरवली.

"कोंबडी दिसत नाई आज?"

"नाई," चंद्रभागाबाई शांतपणे म्हणाल्या. त्यांचं मौन सुटल्यावरचा तो पहिलाच शब्द होता, आणि बोलायला फार गोड वाटला.

तेवढ्यात गोमाजी पाय धुऊन दारात आले. त्या पदर सावरत जवळ गेल्या. "अजी, ते कुठं ठेवली?"

"तूच त दाखवली ना जागा. त्या डालग्याखाली."

"कोन्त्या डालग्याखाली?"

"हे काय, कोपऱ्यात..." गोमाजींनी कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे डालगं नव्हतं. लुगडं होतं, पाट होता, देव होता. त्यांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. चंद्रभागाबाईंनी भिंत धरली. 

"मी त म्हनलो, दिसन नाई," गोमाजी पुटपुटले. "दिसते का?"

"आता उचलाचं कसं?" चंद्रभागाबाई कुजबुजल्या.

एकदा बसलेला देव काला होईपर्यंत हलवायचा नाही. आत्या नेमक्या तेच सांगत होत्या, टाळ घेऊन बसलेल्या बायांना. "माह्या मोठ्या काकाच्या घरी बसे कान्होबा पयले. एका वर्षी काकूनं पाट जरासा सरकवला, उदबत्ती पडली म्हनून. बस्स! दुसऱ्या सालापासून देव इकडे आला. आसन ज्यानं बिघडवलं, त्याच्या घरचा देव उठला." आणि मंदाबाई मान डोलावत होत्या.

"कुक्," पाटाखालून आलं. अगदी हळू, झोपेतलं.

आत्यांनी मान वळवली. "काय वाजलं वं?"

आणि ज्यांचा आवाज जन्मात कधी चुलीपलीकडे गेला नव्हता, त्या चंद्रभागाबाईंनी एकाएकी भजन उचललं. असं उचललं की बाहेर बांधलेला बैल उठून उभा राहिला. टाळवाल्या बाया चमकल्या, मग त्यांनीही सूर धरला. भजन जरा उतरलं की चंद्रभागाबाई पुन्हा वर चढवत. मध्येच त्या पुढे होऊन पाटाखाली मूठभर अक्षता वाहत, डालग्याच्या काठाखालच्या फटीतून आत जातील अशा. वाटीत तीर्थ ठेवायच्या मिषाने फटीशी पाणी सांडत.

"पाह्य वं मंदा," आत्या म्हणाल्या, "भक्ती पाह्य तिची! अक्षता कशा वाहते!"

चंद्रभागाबाईंनी देवावरची नजर खाली घेतली. त्यांनी आणखी मोठ्याने गायलं.

उजाडलं तेव्हा त्यांचा घसा बसला होता. त्या दिवशी पारण्याच्या गडबडीत तुळशीपुढे उभ्या राहिल्या, आणि मौन हे पहिल्यांदाच त्यांना लपायची जागा वाटली. त्याचीही लाज वाटली.

काल्याला बाया जमल्या. मंदाबाईंच्या हातात दह्याची वाटी. कवाडातून ऊन आलं आणि सरळ लुगड्यावर पडलं. उजेड आत झिरपला असावा. पाट किंचित हलला. मोराचं पीस डोललं. आणि मग देवाखालून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं:

"क् क् क् क्डाक्! क्डाक्!"

दह्याची वाटी पडली. सीताबाई जमिनीवर आडवी झाली, दोन्ही हात जोडून. "देव बोलला! अवं बाई, देव बोलला!" आणखी दोघी तिच्या मागोमाग आडव्या झाल्या. आत्यांचं बोळकं उघडं. दारात गोमाजींनी डोळे मिटून घेतले, उघडायची हिंमत होईना.

"बोलला का वं देव?" आत्यांनी विचारलं.

सगळ्यांनी चंद्रभागाबाईंकडे पाहिलं. एक होकार पुरला असता. बाया आधीच आडव्या पडल्या होत्या. उद्यापासून गावभर झालं असतं की चंद्रभागाबाईंच्या घरी कान्होबा बोलला. आणि देव कायमचा त्यांचा राहिला असता.

त्यांनी माळेला हात लावला. बसलेल्या घशातून आवाज आला तो कसाबसा. "देव नाई बोलला, आत्या. कोंबडी होय. आसनाखाली हाय. जागा माह्याच बोटानं दाखवली."

 सीताबाई उठून बसली आणि पदर झटकू लागली. मग मंदाबाईंना कंठ फुटला.

"कोंबडीवर देव! रातभर! म्या म्हनलो नवतो का? आत्या, आता तुमीच सांगा देव कोनाच्या घरचा!"

आत्यांनी हिरड्या चावल्या. "काला होऊ द्या," एवढंच म्हणाल्या.

दुपारी वाजतगाजत देव उचलला. पाट निघाला, लुगडं निघालं, गोमाजींनी मान खाली घालून डालगं सरळ केलं. आत कबरी बसली होती, अक्षतांच्या दाण्यांवर, नीटनेटकी. पोटाखाली एक अंडं. इतक्या माणसांपुढे तिने एकदा डोळे मिटले आणि उघडले. निर्मला धावली, पण आत्यांची काठी आडवी आली.

"हात नोको लावू. आसन बिघडलं हे खरं. म्हनून पुढल्या सालापासून देव मंदाच्या घरी."

मंदाबाईंनी तिथल्या तिथे आत्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. चंद्रभागाबाई खांबाला टेकल्या. डोळ्यांसमोर रिकामा कोपरा होता, आणि सारवणावर डालग्याचा गोल ठसा.

"पन आसन देवासंगं जाते," आत्या पुढे म्हणाल्या. "पाट, डालगं, सारं आजच ने. अन् हे बी."

"हे म्हंजे?" मंदाबाईंनी मान वर केली.

"कोंबडी. महादेवाले नंदी, गनपतीले उंदीर. माहा कान्होबा रातभर जिच्यावर बसला, ते काय बाजारात इकशीन? आजपासून हे कापाची नाई, इकाची नाई, हाकलाची नाई. वर्सभर सांभाळजो."

मंदाबाई कबरीकडे बघत राहिल्या. कबरी त्यांच्याकडे.

पुढचे दिवस चंद्रभागाबाईंच्या घरी फार शांत गेले. वृंदावनावर कुणी चढेना. निर्मला पानावर बसे आणि घास चिवडून उठे. पाऊस आला, राहिलेला रोवणा झाला, कावड दोन्ही बाजूंनी सारखी भरली. चंद्रभागाबाई सारवताना त्या कोपऱ्याशी थांबत आणि गोल ठसा तेवढा सोडून बाकीचं सारवत.

बातम्या मात्र येत होत्या. सीताबाई पाण्याला जाता-येता सांगे. कबरी भय्याजींच्या पागोट्यात अंडं घालते. कबरीने जावयाच्या ताटातला भात खाल्ला, जावई बघतच राहिला. कबरी मंदाबाईंच्या देव्हाऱ्यात निजते, उठवली तर चोच मारते. भय्याजी काठी घेऊन धावले, तर मंदाबाईच आडव्या आल्या, "आसन होय ते! आत्याची आन हाय!" आणि मग स्वतःच रडायला बसल्या. धान्याच्या ढोलीवर चढून तिने शेणाचं झाकण उकरलं, त्या दिवशी भय्याजींनी भावाशी धरलेला अबोला सोडला. धुऱ्यावर उभं राहून विचारलं, "दादा, ते तुमच्या घरी काय खात होती गा? कायनं शांत बसते?"

"आमाले बी कधी समजलं नाई," गोमाजी म्हणाले.

पोळा होऊन गेला. एका सकाळी चंद्रभागाबाई आंघोळ करून तुळशीपुढे उभ्या होत्या, डोळे मिटलेले, ओठांत नाम. फाटक करकरलं.

मंदाबाई उभ्या होत्या. डोक्यावर डालगं, काखेत पाट, केस पिंजारलेले, गालावर चोचीची खूण. डालग्यातून कबरीची मान वर आलेली.

"घ्या बाई!" त्यांनी डालगं अंगणात ठेवलं. "हे तुमचं आसन, हे तुमची कोंबडी, अन् कान्होबा बी तुमचाच. सानगडीले मी सोता जातो, आत्याच्या पाया पडतो. ज्याच्या घरी देवच इतका सोसते, त्याच्याच घरी राहो बापा तो. माह्याच्यानं नाई होत."

चंद्रभागाबाई काही बोलल्या नाहीत. तुळशीला पाणी घालायचं होतं अजून.

"बोला ना बाई! घेता का नाई?" मंदाबाईंचा आवाज रडवेला झाला होता.

चंद्रभागाबाईंनी तांब्या उचलला आणि पाणी घालायला सुरुवात केली. इतकी बारीक धार त्यांनी आजवर कधी धरली नव्हती. मंदाबाई एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिल्या. धार संपेना. निर्मला दारात येऊन उभी राहिली, दोन्ही हातांनी तोंड झाकून. धार संपण्याआधीच कबरी डालग्यातून उतरली, अंगण ओलांडलं, आणि फडफडत वृंदावनावर, आपल्या जागी, जाऊन उभी राहिली. एका पायावर.

तोंडात राख घेऊन गोमाजी ओसरीतून धावत आले. त्यांनी कबरीला धरलं, इकडे तिकडे पाहिलं आणि बायकोला विचारलं, "कुठं ठेवू हिले?"

चंद्रभागाबाईंचं बोट वर उठू लागलं. त्यांनी ते अर्ध्यातच पाहिलं, दचकल्या, आणि चटकन पदराखाली झाकून घेतलं.